लाल शेरा द्यावा की न द्यावा? ऑनलाइन लिलावातले तुमचे अनुभव सांगा

तांब्याचा पैसा (लेस्टर)

मंडळी, ईबेवर घेतलेल्या मालाबद्दल विकणाऱ्याला शेरा (हिरवा म्हणजे चांगला, लाल म्हणजे निगेटिव्ह, नाहीतर मधला न्यूट्रल) द्यायला माझ्या हातात नऊ दिवस उरलेत, म्हणून हा धागा काढतोय.

ईबेवर लिलावात एक शिवराई घेतली. विकणारा इथलाच, इंग्लंडमधला. वर्णनात ठासून लिहिलेलं, 'शिवाजी महाराजांच्या काळातलं अस्सल नाणं, १६७४'. शेवटच्या मिनिटाला आणखी एकाशी चढाओढ झाली आणि ३८ पौंडांना माझ्या गळ्यात पडलं. पाकीट फोडलं, नाणं तळहातावर घेतलं. 'श्री राजा शिव' वाचून छाती फुगली. पालथं केलं तर मागच्या मजकुराच्या मधोमध दोन आडव्या रेघा. दुदांडी शिवराई! महाराजांच्या नंतर पुष्कळ वर्षांनी पाडलेली. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारणाऱ्या कुणालाही विचारा, हिचे ३८ पौंड कुणी देणार नाही.

विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर तासाभरात आलं. वडिलांच्या बिस्किटाच्या डब्यात नाणी सापडली, त्यातलं मला काही कळत नाही, नेटवर पाहून लिहिलं, पैसे परत करतो, नाणं तुम्हीच ठेवा. पैसे आलेही. त्याचे २१२ शेरे आहेत, एकही लाल नाही. इथवर ठीक. पण त्याच डब्यातल्या आणखी दोन शिवराया त्याने लिलावाला लावल्यात, आणि वर्णन अजून तेच: अस्सल, १६७४.

आता शेरा काय द्यायचा? तुम्ही कधी दिलात, कधी गिळलात, कधी पस्तावलात, ते लिहा. चर्चा पुढे 'ग्राहक राजा' वगैरेवर गेली तरी चालेल, पण आधी अनुभव.

तिकीटवेडा

माझा अनुभव उलट्या टोकाचा आहे. मी निगेटिव्ह दिला आणि आजही पुन्हा देईन.

गांधीजींचं १९४८ सालचं दहा रुपयांचं तिकीट. संग्राहकाला वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्टला निघालेल्या चार तिकिटांतलं सर्वांत मोठ्या किमतीचं, स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रेव्हर पद्धतीने छापलेलं, आणि म्हणूनच बनावटगिरीचं लाडकं. विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'आजोबांच्या संग्रहातून, तपासलेलं नाही, आहे तसं'. हे 'आहे तसं' वाचूनच सावध व्हायला हवं होतं, पण किंमत स्वस्त म्हटल्यावर अक्कल गहाण पडते. आल्यावर भिंगाखाली धरलं. गांधीजींच्या कपाळावर गुलाबी, निळे, पिवळे ठिपके! घरच्या प्रिंटरवर लग्नाची पत्रिका छापावी तसे.

तरी लगेच शेरा ठोकला नाही. आधी त्याच विक्रेत्याचे संपलेले लिलाव उघडले. तेच तिकीट, तेच 'आजोबांचा संग्रह', अकरा वेळा विकलेलं. आजोबा तरी किती तिकिटं चाटत बसले असतील! आणि गंमत पुढेच आहे. त्या अकरांपैकी आठ जणांनी हिरवा शेरा दिला होता: 'सुंदर तिकीट, झटपट पाठवलं'. त्यांना कळलंच नव्हतं. तेव्हा हिरव्या शेऱ्यांची टक्केवारी ९९ आहे म्हणून माल खरा असं समजू नका. पाकीट वेळेवर आलं, एवढंच त्यातून कळतं.

मी आधी तक्रार नोंदवून पैसे परत घेतले. तक्रारीला माल पोचायच्या अंदाजित तारखेपासून ३० दिवस असतात, शेऱ्याला ६०, त्यामुळे हा क्रम धरा. मग लिहिलं, 'तिकीट बनावट, डिजिटल छपाई, ठिपके भिंगाखाली दिसतात'. 'चोर', 'लफंगा' असलं काही नाही. पुढच्याने भिंग घेऊन पाहावं एवढाच हेतू.

पैसावाले, तुमच्या माणसाने अकरा वेळा केलेलं नाही. पण दोन नाणी अजून टांगलेली आहेत, ते मला खटकतं.

रेकॉर्डवाला (ठाणे)

मी काउंटरच्या पलीकडचा. जुन्या तबकड्या विकतो, ७८ च्या सुद्धा. लाखेच्या असतात, काचेसारख्या फुटतात.

काही वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाला नाट्यगीतांच्या तीन तबकड्या पाठवल्या. पंधरवड्याने माझ्या पानावर लाल खूण. शेरा एका शब्दाचा, 'फुटली'. तीनपैकी कुठली, किती, काही नाही. आधी एक ओळ लिहिली असती तर त्याच दिवशी पैसे पाठवले असते हो! वर्षभरात माझे मिळून सत्तरच शेरे होते, त्यात एक लाल म्हणजे शंभरावरून एकदम ९८.६. ऐकायला काय, पहिला नंबर. पण गिऱ्हाईक ते ९८.६ पाहून पुढे सरकतं, कारण शेजारचा शंभर आहे.

आता माझा गाढवपणा ऐका. विकणाऱ्याला शेऱ्याखाली एक उत्तर लिहिता येतं. मी रागाच्या भरात लिहिलं, 'खोटारडा गिऱ्हाईक, सावध राहा, लोकहो!!!' उद्गारचिन्हांसकट. दोन महिन्यांनी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने फोनवर हळूच सांगितलं, 'तो शेरा काही एवढा वाईट नाही, पण तुमचं उत्तर वाचून जरा भीती वाटते.' ते उत्तर आता पुसता येत नाही. जन्मठेप.

तेव्हापासून तबकडीच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, पुठ्ठ्याची रेघ एकाची उभी, दुसऱ्याची आडवी, त्यावर बबल, ते एका खोक्यात आणि ते खोकं दुसऱ्या खोक्यात. मध्ये चुरगळलेला पेपर. हलवून पाहायचं, आवाज आला तर पुन्हा उघडायचं. त्या जर्मनाचे उपकारच म्हणायचे, पण त्याला हे सांगू नका.

भिंगवाला

माझं छोटंसं. जपानहून एक लेन्स घेतली. शीर्षकात 'एक्सलंट' आणि पुढे पाच अधिकची चिन्हं. टॉर्च मारून आतून पाहिलं तर कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस, म्हणजे बुरशी. संतापून शेरा लिहायला घेतला आणि सहज वर्णन शेवटपर्यंत वाचलं. खाली तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं, 'थोडी फंगस आहे, फोटोत परिणाम नाही'. फोटो क्रमांक नऊमध्ये बाणसुद्धा! मी शीर्षकावर बोली लावली होती. हिरवा दिला आणि गप्प बसलो.

एडिसनकर

तुम्हाला आताच्या काळात निवड तरी आहे. आमच्या वेळी शेरा देणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात.

२००६. मी इथे अमेरिकेत विद्यार्थिनी होते, खात्यावर सगळे मिळून सहा शेरे. सेकंडहँड प्रेशर कुकर घेतला. आला तर शिट्टीच नाही, आणि रिंग वितळून झाकणाला चिकटलेली. विकणारीने तीन मेलना उत्तर दिलं नाही. मी निगेटिव्ह दिला. अर्ध्या तासात तिचा मला! 'अतिशय वाईट खरेदीदार, टाळा.' मी पैसे पहिल्याच दिवशी भरले होते. पण सहा चांगले, एक वाईट, म्हणजे ८५.७ टक्के. पुढे दोन जणांनी माझी बोली रद्द केली, तुमचे शेरे बरे नाहीत म्हणून. कुकरपायी माझी अब्रू गेली असं मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'शिट्टी इकडून पाठवते, तू रडू नकोस.'

तेव्हा शहाणी माणसं मुदतीच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या मिनिटाला निगेटिव्ह द्यायची, म्हणजे समोरच्याला उलटा वार करायला वेळ राहू नये. मे २००८ मध्ये नियम बदलला, विक्रेत्याला खरेदीदाराविषयी निगेटिव्ह देताच येईनासं झालं. विक्रेते खवळले होते, त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. पण माझ्यासारखीला हायसं वाटलं.

पंचगंगा

@रेकॉर्डवाला, तुमच्या त्या जर्मनाची जागा मी एकदा घेतली आहे. लाज वाटते पण लिहितो.

आपल्याकडची बाझी ही लिलावाची साइट ईबेने २००४ मध्ये घेतली, तेव्हापासून मी त्यावर पडीक. पैसापे या त्यांच्या पैसे भरायच्या सोयीमुळे पैसे मधल्यामधे अडकून राहायचे, माल मिळाला की विकणाऱ्याला जायचे, त्यामुळे भीती कमी. जळगावच्या एका माणसाकडून फाउंटन पेन घेतलं. जुलै महिना, आमच्याकडे पंचगंगेला पूर, रस्ते बंद. तीन आठवडे पाकीट नाही. त्याचा फोन लागेना. दिला निगेटिव्ह, वर 'फसवणूक' हा शब्द.

चौथ्या आठवड्यात पोस्टमन दुसऱ्याच कामाला आला आणि म्हणाला, 'साहेब, तुमचं एक पाकीट पंधरा दिवस हापिसात पडून आहे, पत्त्यावर जुन्या वाड्याचं नाव आहे.' जुना वाडा आम्ही सोडून दोन वर्षं झाली होती. खात्यावर पत्ता कुणी बदलायचा? मी! त्या माणसाने पेन रुमालात गुंडाळून, नळकांड्यात घालून, वर शाईच्या दोन बाटल्या भेट पाठवल्या होत्या.

फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, 'असू द्या, पाऊसच तसा आहे.' मग त्याने शेरा बदलायची विनंती पाठवली आणि मी बदलला. तशी सोय असते, पण विक्रेत्याला हजार शेऱ्यांमागे पाचच विनंत्या मिळतात, त्यातली एक त्याची माझ्या आळसापायी गेली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडचं ईबे बंद झालं. पेन अजून चालतं.

आकडेमोड

वरचे अनुभव वाचून एक आठवलं. मिशिगन विद्यापीठातले पॉल रेस्निक आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याने सारख्याच दर्जाच्या कार्डांच्या जोड्या केल्या. एक त्याच्या जुन्या नावाने विकायचं, दुसरं कोऱ्या नव्या नावाने. जुन्या नावाला लोकांनी साधारण ८.१ टक्के जास्त मोजायची तयारी दाखवली. शेऱ्यांची किंमत ती एवढी. पण त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात नव्या नावांपैकी काहींवर एक-दोन निगेटिव्ह मुद्दाम चढवले, तर लोकांच्या बोलीवर फरक दिसला नाही.

म्हणजे रेकॉर्डवाल्यांचं दुःख खोटं असं नव्हे. नवख्यावर कुणाचा विश्वास आधीच नसतो, तिथे लाल शेऱ्याने आणखी काय घसरणार? भरल्या ताटात खडा लागतो.

आणि पैसावाले, न्यूट्रल विसरू नका. टक्केवारी फक्त हिरव्या आणि लाल शेऱ्यांवर निघते, तीही गेल्या बारा महिन्यांच्या. न्यूट्रल त्यात धरत नाहीत. मजकूर मात्र सगळ्यांना दिसतो. १९९६ मध्ये ही शेऱ्यांची पद्धत सुरू करताना संस्थापक पियेर ओमिद्यार यांनी लोकांना सांगितलं होतं ते साधारण असं, की जिथे स्तुती योग्य तिथे स्तुती करा, जिथे तक्रार योग्य तिथे तक्रार करा. लोक स्तुतीच करत सुटले ही गोष्ट वेगळी.

मडगावची

माझी तर शेरा द्यायची पाळीच आली नाही. पोर्तुगीज काळातल्या निळ्या फरश्या, चारांचा संच. बोली लावत गेले, प्रत्येक वेळी एकच शेरा असलेला तारांकित (नाव तारकांनी झाकलेला) गृहस्थ माझ्यावर चढत गेला. शेवटी त्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याचा निरोप: पहिल्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या शेवटच्या बोलीला घेता का? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फरश्यांवर तोच तारांकित गृहस्थ पुन्हा हजर. भाव चढवायला बसवलेला विकणाऱ्याचा मामेभाऊ असणार कुणीतरी! घेतल्या नाहीत. आणि खरेदीच नाही तर शेरा कसला देणार? ईबेला तक्रार पाठवली, बस्स. ज्यांची खरी लबाडी, त्यांच्यापर्यंत आपला शेरा पोचतच नाही बगा.

तिकीटवेडा

मडगावची, +१. आणि इथे कुणी नवीन असेल तर एक सांगतो. 'पाच पौंड परत द्या नाहीतर निगेटिव्ह देतो' असं विकणाऱ्याला लिहू नका. नियमात बसत नाही, शेरा काढून टाकला जातो. शिवाय ते शोभतही नाही.

रेकॉर्डवाला (ठाणे)

पैसावाले, त्या दोन नाण्यांबद्दल त्याला लिहिलंत का? आधी तेवढं करा. त्याला बिचाऱ्याला कदाचित वाटत असेल की चूक त्या एकाच नाण्यात होती.

तांब्याचा पैसा (लेस्टर)

लिहिलं नव्हतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, तो मुद्दाम करतोय असंच धरून चाललो होतो.

परवा रात्री त्याच्याच फोटोवर त्या दोन रेघांकडे लाल बाण काढून पाठवला. खाली लिहिलं, या रेघा दिसल्या की १६७४ लिहू नका, 'मराठ्यांचं तांब्याचं नाणं, नंतरच्या काळातलं' असं लिहा. सकाळी दोन्ही वर्णनं बदललेली. एक काल रात्री सहा पौंडांना गेलं, तेही योग्य भावात.

शेरा न्यूट्रल द्यावा असं आकडेमोड यांचं वाचून ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि हिरवा दिला: 'नाण्याचा काळ चुकीचा लिहिला होता, सांगितल्यावर पैसे परत आणि वर्णन दुरुस्त'. तिकीटवेडा रागावणार, ठाऊक आहे.

आत्ता त्याचा निरोप आलाय. डब्यात आणखी चौदा नाणी आहेत, त्यातल्या काहींवर फारसी अक्षरं आहेत असं त्याला वाटतं. फोटो पाठवू का, विचारतोय.