मराठी प्रबंध, वर्ड आणि झोटेरो : तळटिपांचा घोळ निस्तरायचा कसा?

कृष्णाकाठ (तासगाव)
नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात इतिहासात पीएचडी करतेय, विषय सातारा-सांगलीकडचं प्रतिसरकार. गाईड सर दर भेटीत मधेच नवीन संदर्भ घाला म्हणतात, की खालचं 'तत्रैव, पृ. 43' (म्हणजे वरच्याच पुस्तकातलं) भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं. म्हणून झोटेरो (संदर्भ सांभाळून तळटिपा आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर) घेतलं. आता घरी वर्ड, कॉलेजात लिब्रेऑफिस (वर्डसारखंच, पण मोफत), तिथं डॉकएक्समध्ये (वर्डच्या फाइलीच्या प्रकारात) सेव्ह करून आणलं की झोटेरो स्वतःच टाकलेल्या तळटिपा ओळखत नाही!! शिवाय संदर्भसूचीचा साइझ वाढवला तर इंग्रजी मोठी होते, मराठी तेवढीच. पहिली दोन प्रकरणं टायपिंगवाल्याकडची, श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली. काय करू?

कऱ्हाडचा_भाचा
ताई, साइझचं सोपंय. वर्डच्या हिशोबी देवनागरी म्हणजे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट', तिचा फॉन्ट न साइझ वेगळा असतो. 'बिब्लिऑग्राफी' स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट, तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा कप्पा आहे त्यात बदला. सूची सिलेक्ट करून हातानं रंगवत बसू नका, रिफ्रेश केलं की सगळं पाण्यात.

वाईकर
लिब्रेऑफिस झोटेरोच्या तळटिपा 'रेफरन्स मार्क' म्हणून ठेवतं, ते डॉकएक्समध्ये टिकतच नाहीत. बुकमार्कचा पर्याय आहे पण तो तळटिपांत चालत नाही, म्हणजे इतिहासवाल्यांच्या काय कामाचा! झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जायचं बटण आहे, ते दाबून सेव्ह करायचं आणि पलीकडं उघडून रिफ्रेश. रोज एवढं करण्यापेक्षा कॉलेजात नुसतं वाचन करा आणि लिहायचं ते घरीच, माझं तर स्पष्ट मत आहे. ज्या तळटिपा आधीच मेल्यात त्या मात्र परत घालाव्या लागतील, जुनी फाइल असेल तर तीच पुढं चालवा.

कृष्णाकाठ
जुनी आहे, वाचले 🙏 पण 'तत्रैव'चं? झोटेरो त्याजागी इंग्रजी 'आयबिड' टाकतंय.

वाईकर
स्टाइलची सीएसएल फाइल (संदर्भ कसे मांडायचे ते झोटेरोला सांगणारी) कॉपी करा, नाव आणि आयडी बदला, आत लोकेलमध्ये (भाषेप्रमाणे शब्द ठरवायचा भाग) 'ibid' या टर्मला तत्रैव आणि 'et-al' ला आणि इतर असं लिहून इन्स्टॉल करा. इंग्रजी पुस्तकांनाही तत्रैवच येईल, येऊ दे की. मराठी प्रबंधाला शोभतंय.

डीटीपी_सांगली
श्रीलिपीवाली दोन प्रकरणं आधी युनिकोडमध्ये घ्या मॅडम, नायतर शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) पीडीएफ गेली तरी त्यात 'प्रतिसरकार' शोधून कुणाला सापडायचं नाही, कारण आतली अक्षरं रोमनच असत्यात, फॉन्ट नुसता मराठी दाखवतो. कन्व्हर्टरमधनं फक्त मजकूर येतो, तळटिपा येत नाहीत, तेव्हा त्या झोटेरोतनंच नव्यानं घाला. आणि रफार, र्‍य, 'श्र' हे डोळ्यानं तपासा, कन्व्हर्टर हमखास तिथंच मार खातंय.

कऱ्हाडचा_भाचा
आणि शेवटी विद्यापीठात द्यायच्या कॉपीतच 'अनलिंक' करा (म्हणजे तळटिपांचा झोटेरोशी दुवा तोडा), मूळ फाइलीत चुकूनही नको. सर अजून एक संदर्भ सांगणारच आहेत 😀