वहीतली ठिपक्यांची पानं: तो रमलाचा प्रस्तार (मांडणी) आहे

इंदूरच्या घरात सापडलेल्या मोडी वहीत ठिपक्यांच्या आणि आडव्या रेघांच्या चौकटी आहेत, हे काय, असं एकाने विचारलंय. हा रमल आहे, म्हणजे टिंबं मांडून भविष्य सांगण्याची पद्धत. अरबीत ‘रम्ल’ म्हणजे वाळू. ठिपका म्हणजे एक, रेघ म्हणजे दोन. चार ओळींची एक आकृती म्हणजे शकल; अशी एकूण १६ वेगवेगळी शकलं होऊ शकतात.

मोडी डावीकडून वाचतात, म्हणून हेही तसंच वाचू नका. पहिलं घर, म्हणजे पहिल्या शकलाची जागा, उजवीकडे असतं. पहिली चार शकलं टिंबं मोजून किंवा पासे टाकून मिळतात. त्या चारही शकलांची सर्वांत वरची एकेक ओळ क्रमाने घेतली की पाचवं, दुसऱ्या ओळी घेतल्या की सहावं, असं आठव्यापर्यंत. डावीकडून सुरुवात केलीत तर हीच शकलं उलट्या क्रमाने आणि डोक्यावर उभी निघतील. वाचनाची दिशा चुकल्याची ती नेमकी खूण.

पुढे १+२, ३+४, ५+६, ७+८ अशा जोड्या करून ओळीला ओळ मिळवायची: बेरीज सम तर रेघ, विषम तर ठिपका. ही नववी ते बारावी. त्यांच्या जोड्यांतून तेरावं-चौदावं, आणि त्या दोघांचं पंधरावं. सोळावं हवं असेल तर पंधरावं अधिक पहिलं.

पंधराव्या शकलाची बेरीज कायम सम येते, कारण सुरुवातीची प्रत्येक ओळ त्यात दोनदा मोजली जाते. म्हणून तिथे १६ पैकी ८ च शकलं येऊ शकतात. विषम दिसलं तर लिहिणाऱ्याची बेरीज किंवा नक्कल चुकली आहे, फलित वाचूच नका. मात्र मुळातच टिंबं चुकीची मोजली असतील तर ही कसोटी ते पकडत नाही.