मदत हवी आहे: पुणे-गोवा सायकलवर, रस्त्यातल्या वडापाव-बर्गरपासून लांब कशी राहू?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुणे ते पणजी सायकलवर जायचं ठरलंय. आम्ही चौघं आहोत, त्यात मी एकटीच बाई, वय ४१. पहिला मुक्काम सातारा, दुसरा कोल्हापूर, मग निपाणी-आजऱ्यावरून आंबोली आणि चौथ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडी-बांदा करत पणजी, म्हणजे रोज शंभर-सव्वाशे किमी. टायर, गिअर, लाइट सगळं झालंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. माझा प्रश्न खाण्याचा आहे आणि तो मला खरंच छळतोय.

एरवी मी बाहेरचं फार खात नाही, महिन्यातून एखादा वडापाव. पण सायकलवर पन्नास-साठ किमी झाले की रस्त्याच्या कडेला कढई दिसली रे दिसली की हात ब्रेकवर जातोच. मागच्या वर्षी हाच रूट करायला निघालो होतो, पहाटे पाचला, पोटात चहा आणि दोन बिस्किटं. शिरवळपर्यंत मस्त गेलो, मग साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो तर नुकता घाणा निघत होता, झाऱ्यात वडे निथळत होते, शेजारी परातीत मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या, आणि त्या लसणाच्या चटणीचा वास. दोन वडापाव, एक प्लेट कांदाभजी आणि वर थंडगार कोल्ड्रिंक घेतलं आणि पंधरा मिनिटांत खंबाटकी घाट चालू. (पुण्याहून जाताना आम्हाला घाटच चढावा लागला, तो जुना बोगदा येतानाचा.) थोडं चढल्यावर पोटात गोळा आला, मग पोटऱ्या धरल्या, शेवटी सायकल कठड्याला टेकवून उलटी झाली. साताऱ्यापर्यंत कशीबशी पोचले पण रात्री ताप भरला आणि सकाळी बाकीचे पुढे गेले, मी एसटीने परत. ते अजून मनातून जात नाही.

अजून एक गोष्ट, जरा अवघड आहे पण लिहितेच. हायवेवर स्वच्छ टॉयलेट म्हटलं की फूडमॉल नाहीतर बर्गर-फ्राइजवाली दुकानं. आत गेलं की नुसतं टॉयलेट वापरून बाहेर पडायला मला लाज वाटते, म्हणून काहीतरी घेतलं जातं, आणि जे घेते ते तळलेलंच असतं. मग ते टाळायला मी पाणीच कमी पिते.

तर हा मोह आवरायचा कसा, की शरीर खरंच काही मागत असतं? आणि घरून काय नेलं तर चार दिवस पुरेल? प्लीज अनुभव असलेल्यांनी सांगा.

घाटवाट:
ताई, तुम्ही सरळ सरळ उपाशी होता हो. पाच वाजल्यापासून चार-साडेचार तास दोन बिस्किटांवर! स्नायू आणि लिव्हर मिळून शरीरात साखरेचा साठा असतो ४००-५०० ग्रॅमच्या आसपास, त्यातला लिव्हरमधला रात्रभरात बराच उतरलेला असतो, आणि आपण पॅडल मारत राहिलो की उरलेला भराभर संपतो. मग जे पहिलं दिसेल त्यावर माणूस तुटून पडणारच, त्यात तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. मोबाइलला दर ४० मिनिटांचा अलार्म लावा आणि भूक नसली तरी खा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज जायला हवेत. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, म्हणजे एक केळं आणि चार-पाच खजूर धरा. तेलकट पदार्थ पोटातून हलायलाच वेळ घेतो, त्यात चढावर रक्त पायांकडे जास्त जातं आणि पोट आणखी मंदावतं, खंबाटकीत तेच झालं असणार. २०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तास मिळतात, पहिल्या वेळी मी भज्यांच्या नादाने त्यातला दीड तास घालवला होता, तेव्हापासून अलार्मच. वडापाव खायचाच असेल तर मुक्कामाला पोचल्यावर, अंघोळ करून, निवांत.

कृष्णाकाठ:
पाणी कमी पिऊ नकोस गं, अजिबात नको. मी पण बाईच आहे म्हणून हक्काने सांगते. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि टॉयलेट फुकट द्यावंच लागतं, कंपनीचे तसे नियम आहेत, त्यामुळे चावी मागायला लाजायचं नाही. मोठे, ट्रक थांबतात ते पंप निवड, साबण-टिश्यू आपला ठेव. फूडमॉलला जायची वेळ आलीच तर पैसे सोबत्याकडे देऊन रिकाम्या हाताने आत जा, मी तसंच करते. ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. खारट खावंसं वाटतं ना, माझं तरी ते त्याने बरंच कमी झालं. आणि सातारा-कराड-कोल्हापूर पट्ट्यात रसवंत्या आहेतच, बिनबर्फाचा रस, आलं-लिंबू घालून. फक्त डिसेंबरात ऊसतोड चालू असते, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, काहींना मागे लाइटच नसतो, अंधार पडायच्या आत कोल्हापूर गाठा.

आजरेकर_पाहुणा:
तिसऱ्या दिवसाचं लिहितो. आजरा सोडलं की आंबोलीपर्यंत मोठं गाव नाही, त्यामुळे आजऱ्यात नीट जेवून घ्या. घनसाळ तांदूळ तिथलाच, भात-आमटी आणि ताक मिळालं तर सोडू नका. कोल्हापुरात सकाळी मिसळीवर मात्र ताबा ठेवा, कट जड जातो.

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी शिरवळला जाऊन आले, येऊन-जाऊन शंभर किमी. निघायच्या आधी पोहे खाल्ले, अलार्म लावला, केळी, खजूर, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. कापूरहोळला तोच वास आला, दोन मिनिटं थांबले सुद्धा, पण पोटात आधीच काहीतरी होतं त्यामुळे ती आतून ओढ असते ना, ती नव्हती. चहा घेतला आणि निघाले. पाणी पण नीट प्यायले, दोनदा पंपावर गेले, कुणी काही म्हटलं नाही! एकच अडचण, लाडू जर्सीच्या खिशात फुटून भुगा झाला आणि केळ्याचं तर शिकरण. कोरडं, न फुटणारं आणि दोन दिवस टिकणारं काय नेऊ?

कृष्णाकाठ:
दशम्या कर. कणकेत गूळ विरघळवलेलं दूधच घाल, पाण्याचा थेंब नको, तूप अगदी हलकं लाव आणि पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात बांध, गरम बांधल्या तर घाम सुटून बुरशी येते. चौघांच्या मिळून पंचवीस तरी कर, बाकीचे तिघं मागणारच. कोल्हापूरपर्यंत आरामात टिकतील, तिथे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून नव्या करून घे.