ताईच्या चर्चचं छप्पर

ताई: जय ख्रिस्त सगळ्यांना. काल इथे इंग्लंडमध्ये आमच्या चर्चच्या पीसीसीत, म्हणजे आपल्याकडच्या पास्टरेट कमिटीत, दोन तास एकच विषय चालला. चर्चच्या छपरावर सोलर. नाना काका, जागे आहात का?

नाना काका: बोल बेटा. किती किलोवॅट?

ताई: १०. चर्च चौदाव्या शतकातलं, ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे वारसा इमारतींच्या सरकारी यादीत सगळ्यात वरच्या दर्जाचं.

दादा: आणि त्यावर पॅनेल? गावातले लोक ओरडत नाहीत?

ताई: ओरडतात ना. पण ग्लॉस्टर कॅथीड्रलवर २०१६ पासून १५० पॅनेल आहेत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलवर २०२३ मध्ये ४३८ बसवली. गंमत बघ, जुनी चर्चेस पूर्व-पश्चिम बांधलेली, वेदी पूर्वेला. म्हणजे लांबलचक छपराची एक अख्खी बाजू आपोआप दक्षिणेला तोंड करून. छपराला कठडा असेल तर पॅनेल त्याच्या आड जातात, खालून दिसतही नाहीत. आमच्याकडे तो कठडा आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याचे उपकार.

आत्या: परवानगी कोण देतं गं? बिशप?

ताई: न्यायाधीश, आत्या! दर डायसिसचं, म्हणजे बिशपच्या विभागाचं, स्वतःचं कोर्ट असतं, कन्सिस्टरी कोर्ट. त्याच्या न्यायाधीशाला चान्सलर म्हणतात आणि परवान्याला फॅकल्टी. चर्च ऑफ इंग्लंडला लिस्टेड इमारतींच्या सरकारी परवानगीतून सूट आहे, त्या बदल्यात ही घरचीच यंत्रणा. आधी डायसिसची सल्लागार समिती, मग हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचं मत, मग २८ दिवस नोटीस. त्यात गावातले लोक हरकत घेऊ शकतात. आणि सूट फक्त लिस्टेडपुरती, कौन्सिलच्या प्लॅनिंगचं वेगळं बघायचं.

मी: आपली महानगरपालिका परवडली 😄

ताई: हसू नकोस. छपरात वटवाघळं पण आहेत. त्यांना कायद्याचं संरक्षण, त्यांची पाहणी वेगळी.

आत्या: अगं बाई.

ताई: चान्सलर सरळ हिशेब मांडतात. इमारतीच्या मोलाला किती धक्का बसतो आणि त्यातून लोकांचं किती भलं होतं. डफील्डच्या चर्चच्या खटल्यातल्या २०१२ च्या निकालापासून हे प्रश्न ठरूनच गेलेत. शिवाय जनरल सिनॉडने, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या मुख्य सभेने, फेब्रुवारी २०२० मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत नेट झीरो, म्हणजे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर. म्हणून २०२२ पासून अर्ज करताना त्याचं मार्गदर्शनही विचारात घ्यावं लागतं. परवानगीची मला तेवढी धास्ती नाही. मिळेल.

दादा: आणि पैसे? सिनॉडने ठराव केला, मग खर्चही त्यांनीच करावा.

ताई: चर्चचा निधी सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सनी १९ कोटी पौंड बाजूला काढलेत.

दादा: मग काय, मजा आहे.

ताई: चर्चेस १६,००० च्या आसपास आहेत.

दादा: म्हणजे चर्चमागे १२,००० पौंडसुद्धा नाहीत.

ताई: आणि त्यातच पाळकांची घरं, शाळा. आम्हाला मिळालं तर थोडंफार मिळेल, बाकी देणग्या आणि ट्रस्टांचे दरवाजे ठोठावणं. अजून एक ऐका. पॅनेलवर चर्चला व्हॅट शून्य. पण त्याखालचं शिशाचं छप्पर दुरुस्त करायचं तर २० टक्के भरा. आमचं छप्पर गळतं, हे सांगायला नकोच.

नाना काका: परवानगी, पैसे राहू दे बाजूला. वीज वापरता कधी?

ताई: रविवारी सकाळी दीड तास. गुरुवारी दुपारी लहान मुलांचा प्लेग्रुप.

नाना काका: आणि बाकी दिवस?

ताई: कुलूप.

नाना काका: मग १० किलोवॅट कशाला? नेट मीटरिंग आहे का तिथे?

ताई: आपल्यासारखं नाही. इथे जादा वीज कंपनीला विकायची. विकायचा भाव वेगळा, घ्यायचा वेगळा आणि विकायचा कमी.

नाना काका: हेच विचारायचं होतं. इथे दादाच्या छपरावरचे जादा युनिट महावितरण खात्यात जमा धरते, पुढच्या महिन्यांच्या बिलात वळते होतात. तुमच्याकडे मे-जूनमध्ये ढिगाने तयार होणार ते स्वस्तात जाणार. आणि जानेवारीत उपासनेला लोक कुडकुडणार तेव्हा छपरावर काही नसणार. वर्षाला किलोवॅटमागे किती युनिट?

ताई: ९०० च्या आसपास. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य बुडतो.

नाना काका: आपल्याकडे १४०० कुठेच गेले नाहीत. आणि हीटिंग?

ताई: गॅसचा बॉयलर. खरा खर्च तिथेच आहे.

नाना काका: मग पॅनेल गॅसचं बिल कसं कमी करणार?

ताई: मी काल हेच म्हटलं! म्हटलं आधी पन्हळी साफ करा, दारांच्या फटी बुजवा, बाकांखाली विजेचे हीटर घ्या. एवढी उंच इमारत तापवण्यापेक्षा माणसं तापवा. सोलर शेवटी. रोज कॅफे किंवा फूड बँक चालणाऱ्या चर्चला ते शोभतं. चर्चची देखभाल बघणारे वॉर्डन म्हणाले, "फटी बुजवायला देणगी कोण देतं? पॅनेलसाठी लोक चेक फाडतात."

दादा: चूक नाही बोलले ते.

ताई: तेच तर. चान्सलरना न दिसणारी पॅनेल हवीत, देणगीदारांना दिसणारी. मतदान पुढच्या महिन्यात ढकललंय.

आत्या: माझं ऐक, आधी गळती काढा. पॅनेल बसल्यावर छपरावर चढायचं तरी कसं?

नाना काका: आत्या लाखात एक बोलली. बेटा, वर्षभराचं अर्ध्या अर्ध्या तासाचं रीडिंग कंपनीकडून मागव. मी एक्सेलमध्ये मांडून देतो. कदाचित ३ किलोवॅट पुरतील, प्लेग्रुप आणि फ्रिजपुरते. तेवढ्याला ग्रिडवाल्यांची कटकटही कमी असेल.

ताई: बरोबर, ३.६८ पर्यंत नुसतं कळवलं तरी चालतं. पण काका, मीटर जुनाच आहे, अर्ध्या तासाचं काही मिळणार नाही. दर रविवारी मीच आकडे लिहून आणीन.

नाना काका: चालेल. उपासनेच्या आधी एक, नंतर एक.

ताई: मीटर पाळकांच्या खोलीतल्या कपाटामागे आहे. आणि किल्ली वॉर्डनकडे.

आत्या: जाताना केक घेऊन जा.