फ्लेक्यू काढला तरी शेपटी परत येते
असं म्हणतात की शेपटीचे जीन चालू करणारा मास्टर स्विच काढला की बॅक्टेरियाचं पोहणं कायमचं बंद. मला हे पटत नाही, कारण २०१५ मध्ये नेमका हाच प्रयोग छापून आलाय. मातीतल्या स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या बॅक्टेरियामधून फ्लेक्यू हा जीन, म्हणजे फ्लॅजेलमचे (पोहायच्या शेपटीचे) सगळे जीन चालू करणारा मुख्य रेग्युलेटर, काढून टाकला आणि आजूबाजूचं अन्न संपवून त्यांना उपाशी ठेवलं तर ९६ तासांच्या आत काही पेशी पुन्हा पोहायला लागल्या! मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

झालं असं की नायट्रोजनचं काम बघणारा एनटीआरसी हा रेग्युलेटर फ्लेक्यूचा लांबचा भाऊबंद, दोघंही सिग्मा ५४ (जीन वाचायला सुरुवात करून देणारं प्रोटीन) बरोबरच काम करतात. आधी एका म्युटेशनने एनटीआरसी गरजेपेक्षा जास्त ॲक्टिव्ह झाला, मग दुसरं म्युटेशन खुद्द एनटीआरसीमध्येच झालं आणि तो फ्लॅजेलमच्या जीन्सकडे वळला. फुकट नाही मिळालं हे, नायट्रोजनचं नियंत्रण बिघडलं. पण उपासमारीत अन्नापर्यंत पोचणं जास्त महत्त्वाचं ना, आणि फ्लॅजेलमचे बाकी जीन तर शाबूतच होते, फक्त चालू करणारा हवा होता.