उन्हाचं पण बघा की

शाळेच्या मदतनिधीसाठी ५ किमीची रन असते, तिच्या तयारीबद्दल वर कुणीतरी लिहिलंय की लेकरांना महिनाभर रोज पूर्ण ५ किमी पळवा म्हणजे दम वाढतो, ते काही पटलं नाही, पाचवी-सहावीची लेकरं दोन दिवसात पिंडऱ्या धरून बसतात. एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं असं आलटून-पालटून, आठवड्यातून तीन-चारदाच, आणि पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागून बोलणं तुटलं की स्पीड कमी.

पण उन्हाबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्याकडं प्रॅक्टिस होते सकाळी सहाला आणि मदतनिधीच्या रनला झेंडा दाखवतात पाहुणे आल्यावर, म्हणजे नऊ धरा (साडेनऊ पण होतात), फेब्रुवारी संपत आला की लातूर-बीडकडं त्या टायमाला ऊन चांगलंच चटका देतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, लेकरांना मोठ्यांपेक्षा घामही कमी येतो, त्यामुळं शेवटचे दोन आठवडे प्रॅक्टिस हळूहळू उशिरा सरकवा, अंतर मात्र तेवढंच किंवा कमी. चक्कर, मळमळ वाटली की लगेच सावलीत, अंगावर पाणी. आणि पाहुण्यांना सातचाच टाइम द्या, नाही आले तर हेडमास्तरांनी झेंडा दाखवावा.