मदत हवी आहे: इंग्रजीतल्या छोट्या शब्दांचे ढीगभर अर्थ मुलांना कसे समजावू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला पंचवटीत मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. लांबलचक शब्द मुलं पाठ करतात, अडतात ती इवल्याशा शब्दांपाशी. परवा धड्यात 'रिव्हर बँक' आलं, तर एका मुलीने विचारलं, "मॅडम, गोदाकाठ आणि पैशांची बँक यांना एकच शब्द कसा?" चांगला प्रश्न होता, म्हणून शोधलं. पैशांची बँक इटालियन सराफाच्या बाकावरून आली, काठाची स्कँडिनेव्हियाकडून. खूप मागे गेलं की दोन्ही एकाच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या) कुळातल्या.

काही शब्द मात्र निव्वळ योगायोगाने सारखे झालेत. तारखेची 'डेट' लॅटिनमधल्या 'दिलेलं' या शब्दावरून, कारण पत्रावर ते कधी दिलं हे लिहीत. खजुराची 'डेट' ग्रीकमधल्या 'हाताचं बोट' या अर्थाच्या शब्दावरून. 'लाइट'चं तर मला फारच अप्रूप वाटतं. हलका या अर्थाचा 'लाइट' आपल्या 'लघु'चा नातेवाईक, उजेडाचा 'लाइट' संस्कृत 'रुच्' (चमकणे) धातूचा. हे मुलांना पटकन कळतं, कारण मराठीतही होडी ती 'नाव' 'नौ'वरून आणि माणसाचं 'नाव' 'नामन्'वरून.

खरी अडचण 'सेट' आणि 'रन'ची आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत! मूळ अर्थ 'बसवणे', 'सिट'चंच भावंड. हिरा अंगठीत बसवतात तिथे हा अर्थ चपखल लागतो, पण सूर्य 'सेट' होतो, जेली 'सेट' होते, तिथे मुलं गोंधळतात. त्यात दागिन्यांचा 'सेट' मुळात वेगळाच, फ्रेंचमधून आलेला. भूक लागते, दार लागतं, नोकरी लागते, ठेच लागते, असं आपल्या 'लागणे'चं उदाहरण देऊन पाहिलं. मुलं खुलली, स्वतःच वाक्यं जोडायला लागली. पण तिथून 'सेट'कडे परत कसं यायचं ते सुचत नाहीये.

इथे शिक्षक आणि भाषेचे अभ्यासक बरेच आहेत, म्हणून विचारते. 'रन'चे अर्थ धावण्यापासून दुकान चालवण्यापर्यंत कोणत्या क्रमाने शिकवावेत? मूळ अर्थ आधी सांगावा, की मुलांच्या वापरातल्या वाक्यांपासून सुरुवात करावी? आणि आठवीच्या मुलाला स्वतः उघडून वाचता येईल असा, व्युत्पत्ती देणारा सोपा इंग्रजी कोश कोणी वापरला असेल तर कृपया नाव सांगा. शिकवणीसाठी एक प्रत विकत घ्यायची आहे.

आणखी असे शब्द सुचवलेत तरी चालतील, फक्त मूळ खात्रीचं असू द्या.